बाहीला खिडकी

घणसोली गावात, देवळामागच्या गल्लीत
जिन्याखाली माझं दुकान.
फॉल, पिको, अस्तराचे ब्लाउज.
शालन मढवीचं माप वहीत आहे अकरा वर्षांपासून:
छाती छत्तीस, पाठ चौदा, दंड साडेअकरा.
वही उघडावी लागत नाही.

ती आली ती पदर उजव्या हाताला घट्ट लपेटून.
म्हणाली, ब्लाउज नको गो, नुसती बाही शिव.
एकच.

पदर सोडला.
दंडाच्या आतल्या अंगाला पारदर्शक पट्टी,
तिच्याखालून निघालेली बारीक नळी,
टोकाला जांभळं टोपण.
"सरळ काळजाच्या दारापर्यंत गेलीय म्हणे,"
आळीत नवी पाइपलाइन आल्यासारखं सांगितलं तिनं.

खारघरला दर एकवीस दिवसांनी औषध.
मधले दिवस नळी तिच्यासोबत घरी.
विभाग कार्यालयात फायली काढताना
कपाटाच्या कडीत अडकली एकदा.
रात्री नातू कुशीत,
त्याला काहीतरी मुठीत धरून झोपायची सवय.
नवऱ्याच्या राखाडी मोज्याचा पंजा कापून
तिनं दंडावर चढवला होता.
तो घसरतो,
आणि लोक विचारतात, हाताला मोजा कशाला?

मी टेप लावला.
साडेनऊ.
पुन्हा लावला, टेपच चुकला असेल म्हणून.
ती जिन्याच्या पोटाकडे बघत राहिली.
जुन्या आकड्याशेजारी नवा लिहिला.
जुना खोडला नाही.

पहिली बाही फसली,
इलॅस्टिकचा वळ उठला.
दुसरी सिंथेटिकची, घामानं पट्टीची कड सुटली.
तिसरी तिच्याच जुन्या ब्लाउजातून कापली,
इतके उन्हाळे धुतलेलं सुती
की हाताला लागतच नाही.
उभा चीर, त्याला टिचबटणं
(वेल्क्रो रात्री करकरतो, नातू उठतो),
आणि आत नळीला निजायला खिसा, काडेपेटीएवढा.
"पैसे किती?"
म्हटलं, आधी दिवाळीचे दीडशे बाकी आहेत, ते दे.
हसली. दिले नाहीत.

वॉर्डातल्या सिस्टरनं बाही उलटीसुलटी करून पाहिली,
निरोप पाठवला:
शिवण छान आहे, पण नळीची जागा दिसली पाहिजे.
लाली आली, सूज आली, तर कळणार कसं?

तीस वर्षं बायका मला सांगत आल्या, झाक.
गळा वर घे, पाठ वर घे,
बाही कोपराच्या खाली ने, तिथे भाजल्याचा डाग आहे.
झाक पण दिसू दे,
असं कुणी म्हटलं नव्हतं.
मच्छरदाणीचा तुकडा घेतला,
दोन बाय तीन इंचांची खिडकी बसवली,
आणि बल्बसमोर धरून
तिच्यातून माझाच अंगठा पाहिला.

सोमवारी शालनच्या पिशवीतून चिठ्ठी आली.
सिस्टरचं अक्षर. नाव एकाचंही नाही.
उजवा, दहा.
डावा, सव्वाअकरा.
डावा, साडेनऊ, जरा सैल, सुजतो.
उजवा, पावणेनऊ.
डावा, सहा.

माणूस पाहिल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही.
या पाच जणांना कुठे पाहू?
सहा म्हणजे केवढं असेल?
समोरच्या भोईरांची ओवी दुसरीत आहे,
तिला बोलावून दंडाला टेप लावला.
पावणेसात.
म्हणजे ते तिच्याहून लहान,
किंवा.

ओवीनं विचारलं, माझा फ्रॉक का?
म्हटलं, तुझा नाही.

मुलगा की मुलगी, चिठ्ठीत नाही.
कुणाच्या तरी हळदीतलं पिवळं पॉपलिन उरलं होतं,
ते काढलं.
जाळी बारीक निवडली, बटणं बोथट.
चौघांना नेहमीसारखी अर्धा इंच माया धरली.
त्या सहाच्या बाहीत
दीड इंच आत दुमडून ठेवली,
टाके लांब घातले,
सहज उसवतील असे.